वेग कुठे असतो? : पहिला कॉम्प्युटर स्वतः जुळवण्यापूर्वी

तत्त्वज्ञानाच्या माणसाने ग्राफिक्स कार्डावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. असू द्या. आज आपण घेतलेला विषय सध्या बऱ्याच घरांत जेवताना निघतो आणि जेवण संपलं तरी संपत नाही. मुलगा किंवा मुलगी म्हणते, तयार लॅपटॉप नको, सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवायचा आहे. त्यावर गेम खेळायचे आहेत, आणि व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, चित्रं असलं कामही करायचं आहे. आईवडिलांना त्यातला ‘गेम’ एवढाच शब्द ऐकू येतो. मुलांना ‘बजेट’ हा शब्द ऐकू येत नाही. आणि मध्ये दुकानदाराचं कोटेशन पडलेलं असतं, ज्यातलं निम्मं दोघांनाही कळत नाही.

या कोटेशनकडे बघायची एक जुनी रीत आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद येतो. राजा रथात बसून आलेला असतो. नागसेन विचारतो, यात रथ कुठला ते दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी ‘रथ’ हे त्या सगळ्या जुळणीला व्यवहारापुरतं दिलेलं नाव ठरतं. आपले नैयायिक याला तयार नव्हते. त्यांच्या मते अवयव जुळले की अवयवी नावाचा खरोखरीचा नवा पदार्थ उत्पन्न होतो. हा वाद शतकानुशतकं चालला, तो आज इथे मिटणार नाही. पण रथ किती पळेल हे एकट्या चाकाकडे बघून सांगता येत नाही, हे दोन्ही पक्षांना नाकारता आलं नसतं.

दुकानात मात्र वेग सुट्या भागांवर छापलेला असतो. इतके गिगाहर्ट्‌झ, इतके कोअर, इतके जीबी. आमचं आज म्हणणं एवढंच आहे की वेग हा जुळणीचा गुण आहे, आणि जुळणी चांगली की वाईट हे काम ठरल्याशिवाय सांगता येत नाही. हे पक्कं धरलं की बाकीचं नियोजन बरंचसं त्यातूनच निघतं.

म्हणून सुरुवात प्रोसेसरपासून करू नका, पडद्यापासून करा. लोक मॉनिटर सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. हे उलटं आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४०० होतात. फोर-के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. गेममध्ये हे सगळे ठिपके दर सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे असतील, तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ वेळा रंगवायचे असतील तर फक्त ६.९.

आता हे काम दोघं मिळून करतात. प्रोसेसर ठरवतो की या क्षणी कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली, भिंत पडली का, आणि काय काय काढायचं याची यादी करतो. ग्राफिक्स कार्ड ती यादी घेऊन ठिपके रंगवतं. पडदा मोठा केला तर प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं, कार्डाचं वाढतं. चित्रांची संख्या वाढवली तर दोघांचंही वाढतं. त्यामुळे कोणता पडदा आणि सेकंदाला किती चित्रं, हे ठरल्याशिवाय ‘कोणता प्रोसेसर चांगला’ हा प्रश्न अपुराच राहतो. त्याचं उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, ही गोष्ट वेगळी.

त्या उत्तरांबद्दलही थोडं बोलू. न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणून एक संकल्पना आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चुकीचं, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. विधानात ती उच्चारलेली नसते, पण विधान तिच्यावरच उभं असतं.

नेटवर प्रोसेसरच्या चाचण्यांचे तक्ते असतात ते बघा. चाचणी करणारे बाजारातलं सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावतात आणि पडदा मुद्दाम फुल एचडीवर ठेवतात, म्हणजे कार्ड कुठे अडणार नाही आणि फरक दिसेल तो प्रोसेसरचाच. पद्धत बरोबर आहे. पण त्यातून निघालेलं ‘हा त्याच्यापेक्षा २५ टक्के वेगवान’ हे वाक्य ओलं सरपण घेऊनच येतं. मध्यम किमतीचं कार्ड आणि १४४० चा पडदा असेल, तर भारी ग्राफिक्सच्या गेममध्ये तेच दोन प्रोसेसर जवळपास सारखे दिसू शकतात. मग वर मोजलेले दहा-पंधरा हजार तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी जुळणीसाठी मोजलेले असतात.

घरात किंवा मित्राकडे आधीचा कॉम्प्युटर असेल तर कुठे अडतंय हे तपासायला सोपी युक्ती आहे. गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करा. चित्रांची संख्या एकदम वाढली, तर कार्ड अडत होतं. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर. फुकटचं प्रमाण आहे, आणि ते तुमच्याच गेमचं आहे.

आता एक उदाहरण धरू आणि त्यालाच चिकटून राहू. समजा, साताऱ्यातली एक मुलगी आहे. लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. आतापर्यंत दुसऱ्याच्या मशीनवर करत होती. दोन सीझनची कमाई साठली आहे, त्यातून स्वतःचं यंत्र घ्यायचं. ब्लेंडर शिकते आहे, कारण लग्नाच्या कामावर आयुष्य काढायची तिची इच्छा नाही. आणि रात्री काम संपल्यावर तिला खेळायचं आहे.

हे शेवटचं तिने चोरून सांगायची गरज नाही. डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ हे पुस्तक लिहून खेळ हा संस्कृतीचा पाया आहे असं मांडलं. तेवढं लांब जायचं नसेल तर जाऊ नका, पण खेळणं हेही प्रयोजन म्हणून यादीत उघडपणे लिहा. ते लपवलं की ‘अभ्यासासाठी’ म्हणून भलतंच यंत्र येतं, जे धड खेळायला नाही आणि धड कामाला नाही.

तिच्या कामाची पहिली मेख कॅमेऱ्यात आहे. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे एचईव्हीसी या पद्धतीने, १० बिट ४:२:२ असं चित्रण करतात. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट साठवलेली. रंग दुरुस्त करताना त्याचा फायदा होतो, पण ही फाइल उलगडणं जड असतं. यंत्रात त्यासाठी खास विभाग नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो, आणि टाइमलाइन अडखळत चालते. हा विभाग इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये, त्यातल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आला, त्याआधीच्या ४० मालिकेत नाही. आणि एक बारीक गोष्ट. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं. दोन-तीन हजार वाचतात म्हणून दुकानदार ‘एफ’ सुचवतो. नुसतं खेळणाऱ्याला तो सल्ला अगदी योग्य आहे. हिच्यासारख्या एडिटरला तो कार्डावर अवलंबून योग्य किंवा अयोग्य ठरतो. भाग तोच, पण काम बदललं की गुण बदलला.

गेमच्या तक्त्यांत या उलगडण्याच्या विभागाचा उल्लेखही नसतो. म्हणून आम्ही सुचवू की बजेट काढण्यापूर्वी तिने एक कागद घ्यावा आणि चार गोष्टी लिहाव्यात: कॅमेऱ्याची फाइल कोणत्या प्रकारची, कोणतं सॉफ्टवेअर, कोणते गेम, आणि आज सर्वांत जास्त वेळ कशाची वाट बघण्यात जातो. हा कागद दुकानात दाखवायचा. ‘लाखात काय बसेल’ या प्रश्नाने सुरुवात केली तर लाखात बसेल तेच मिळतं.

दुसरी मेख ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. थ्रीडीमध्ये वस्तूच्या पृष्ठभागावर जे चित्र चढवतात त्याला टेक्स्चर म्हणतात. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक साधं टेक्स्चर न दाबता ठेवलं तर ६४ एमबी जागा खातं. एका वस्तूला रंगाचं, खडबडीतपणाचं, उठावाचं अशी तीन-चार लागतात. दहा वस्तूंत अडीच जीबी गेले, अजून भूमिती आणि प्रकाश आलाच नाही. दृश्य कार्डाच्या मेमरीत मावत नसेल तर एकतर रेंडर फारच मंदावतं, नाहीतर ‘मेमरी संपली’ असा संदेश देऊन थांबतं. इथे फरक पाच-दहा टक्क्यांचा राहत नाही. काम होतं किंवा होत नाही.

आणि बाजारात काय गंमत आहे बघा. आरटीएक्स ५०६० टीआय हे एकाच नावाचं कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. चिप तीच, डब्यावरचं मोठं नाव तेच. कोटेशनवर नुसतं ‘५०६० टीआय’ लिहिलेलं असेल तर ते कोटेशन अपुरं आहे, परत पाठवा. हिच्यासाठी १६ जीबीचं. एएमडीची कार्डं निव्वळ खेळासाठी बहुतेक वेळा पैशाला जास्त वेग देतात, आणि ब्लेंडरही ती वापरतं. पण निर्मितीच्या सॉफ्टवेअरची मोठी फळी एनव्हिडियाच्या क्युडा या व्यवस्थेवर उभी आहे, ती २००७ पासून आहे आणि नवं काही आलं की बहुधा आधी तिथे चालतं. ज्याची रोजी त्यावर आहे त्याने ही सवय मान्य करावी. आम्हाला मक्तेदारी आवडते असा याचा अर्थ नाही.

प्रोसेसरच्या कोअरविषयी. जीन अ‍ॅम्डाल या अभियंत्याने १९६७ साली एक साधा हिशेब मांडला. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो वाटून घेता येत नाही, आणि शेवटी तोच वेळ ठरवतो. कामाचा दहावा हिस्सा असा असेल, तर कोअर हजार लावा की लाख, वेग दसपटीच्या पुढे जाणार नाही. निम्मं काम असं असेल तर दुपटीच्या पुढे नाही. घरातलंच उदाहरण घ्या. पुरणपोळ्यांना चार बायका बसल्या तर पोळ्या लवकर होतील, पण डाळ शिजायला लागणारा वेळ तेवढाच. प्रोसेसरवर केलेलं रेंडरिंग पोळ्या लाटण्यासारखं आहे, कितीही हात लावा. गेममध्ये डाळीचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथे थोडे पण वेगवान कोअर चालतात. दोन्ही करणाऱ्याला ८ कोअर हा आजचा समंजस मध्य आहे. रायझन ७ ७७०० सारखा एखादा. १६ कोअरचे पैसे तिने कार्डात आणि साठवणुकीत घालावेत.

रॅम ३२ जीबी, आणि ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत. चार खाचा दिसतात म्हणून ‘आत्ता दोन, पुढे दोन’ असा विचार मनात येतो, पण डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग खाली येतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर कंपनीचा स्वतःचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० किंवा ५६०० असतो, चारांना ३६००. पुढे ६४ लागणार हे आजच दिसत असेल तर ३२-३२ च्या दोन घ्याव्यात. अर्थात भाव बघून. २०२०-२१ मध्ये चिपांचा तुटवडा आणि क्रिप्टोचं खाणकाम यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला नेले होते. २०२५ च्या अखेरीला तीच पाळी रॅमवर आली, कारण कारखान्यांनी एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळवला. म्हणून आज आम्ही एकाही भागाची नेमकी किंमत सांगत नाही. पुढच्या महिन्यात ऐकणाऱ्याला ती खोटी वाटेल.

साठवणुकीचा हिशेब मात्र भावावर अवलंबून नाही. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, पाच-पाच तास, म्हणजे एका लग्नाचे ४५० जीबी. एक टीबीची एसएसडी घेतली, त्यात विंडोज, दोन मोठे गेम, सॉफ्टवेअर, आणि एक लग्न. संपली. म्हणून दोन एनव्हीएमई एसएसडी: एक यंत्रणेसाठी आणि खेळासाठी, दुसरी चालू कामासाठी, दोन टीबीची. बोर्ड निवडताना अशा दोन जागा आहेत का ते बघायचं. सेकंदाला सात हजार एमबीची घ्यावी की साडेतीन हजारांची, यावर फार डोकं शिणवू नका. गेम उघडताना तो फरक हाताला लागत नाही. साध्या हार्ड डिस्कवर मात्र एडिट करू नये, तिचं डोकं जागा शोधत फिरण्यात दमतं. तिची जागा वेगळी आहे.

ती जागा म्हणजे प्रती ठेवणं. कार्ड जळलं तर नवं येतं. कोणाच्या लग्नातली सप्तपदी परत होत नाही. त्या मुलीने दुसऱ्यांचे दिवस स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले आहेत, आणि एक डिस्क गेली तर पैसे परत करून भागत नाही, कारण मुलीच्या आजी पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. यासाठी बाहेरच्या हार्ड डिस्कचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये धरायचे. ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ या यादीत ही डिस्क नको. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल. कोटेशनमध्ये ही ओळ कधीच नसते, ती आपण लिहायची.

आता ज्या भागांकडे कोणी बघत नाही त्यांच्याकडे येऊ. कोटेशनमध्ये बाकी सगळ्यांची नावं असतात आणि एके ठिकाणी लिहिलेलं असतं: ‘एसएमपीएस, ५०० वॉट’. कंपनी नाही, मॉडेल नाही. अख्ख्या यंत्राचं अन्न जिथून येतं त्याला नाव नाही! हिचा हिशेब करू. कार्ड १८० वॉट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे धरून साठ-सत्तर. म्हणजे साडेतीनशेच्या आत. क्षणिक उसळ्यांना आणि पुढच्या कार्डाला जागा ठेवून चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा पुरे. दुकानात ८५० चा गळ्यात मारतील, नको. ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते त्याचा. आतले भाग टिकाऊ आहेत की नाहीत हे तो शिक्का सांगत नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे, हे त्यापेक्षा बोलकं लक्षण.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांची गल्लत होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. वर दाखवलेला भार आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर येतात, आणि नेमका रेंडर चालू असताना वीज गेली की यूपीएसही बसतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. जुन्या घरांत, वाड्यांत प्लगला तिसरी पिन असते पण मागे अर्थिंग नसतं. कॅबिनेटला हात लावला आणि बारीक झिणझिण्या आल्या, तर कॉम्प्युटरवाल्याला बोलावू नका, वायरमनला बोलावा.

आणि उष्णता. इथे पुन्हा आपलं ओलं सरपण. परदेशातल्या चाचण्या वातानुकूलित खोलीत होतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातलं अंतर कमी ठेवतो. २२ अंशांच्या खोलीत चिप ७० वर असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तीच जुळणी ९० च्या घरात जाते, आणि त्या सुमारास प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या मुलांनी मे महिना धरूनच कॅबिनेट निवडावं. पुढून जाळी, दोन पंखे आत ओढणारे, एक मागून बाहेर टाकणारा. पुढे अखंड काच असलेली कॅबिनेटं दिसायला सुंदर असतात, पण हवा आत येणार कुठून? कोकणात दमट हवा आणि धूळ, म्हणून निघणारी, धुता येणारी गाळणी बघा. रंगीत दिव्यांबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ज्यांना आवडतात त्यांनी लावावेत, फक्त वेगाच्या खात्यात त्यांचा खर्च मांडू नये.

एक चिठ्ठी आली आहे: ‘हे सगळं करण्यापेक्षा गेमिंग लॅपटॉपच का घेऊ नये?’ लग्नाच्या जागेवरच त्या रात्री छोटा व्हिडिओ कापून द्यावा लागत असेल, तर लॅपटॉपच घ्या, प्रश्न मिटला. एका जागी बसून काम होणार असेल तर फरक असा, की लॅपटॉपमध्ये कार्ड कमी विजेवर चालतं, त्यामुळे डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या कार्डाचं नाव एक असलं तरी वेग एक नसतो. आणि त्यातलं कार्ड पुढे बदलता येत नाही.

बदलता येण्याचा हा मुद्दा पहिल्या दिवशीच्या खरेदीत शिरतो. काही भाग लवकर जुने होतात: कार्ड, साठवणूक. काही आठ-दहा वर्षं टिकू शकतात: कॅबिनेट, चांगला एसएमपीएस, चांगला मॉनिटर. बोर्ड मधला आहे, कारण कोणता प्रोसेसर आणि कोणती रॅम बसेल हे त्याचं सॉकेट ठरवतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली पहिले रायझन आले, आणि त्यांतल्या पुष्कळ बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डीसुद्धा चालला. इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट २०२१ मध्ये आलं, तीन पिढ्या चाललं, आणि २०२४ मध्ये नवं सॉकेट आलं. एएम५ हे २०२२ चं आहे आणि कंपनीने २०२७ व त्यापुढेही ते चालवण्याचं जाहीर केलं आहे. म्हणून पहिल्यांदा जुळवणाऱ्याने सध्या एएम५ वर मध्यम बोर्ड घ्यावा, असं आमचं मत. इंटेलचे १३व्या, १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्त दिसले तर सावध राहा. त्यांच्यात अस्थिरतेचा दोष निघाला होता, २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्ती काढली आणि वॉरंटी वाढवली, पण आधी झालेली झीज दुरुस्तीने भरून येत नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, आपल्या गावात करा किंवा घरबसल्या करा. भावात हजाराचा फरक असेल आणि गावातला दुकानदार पक्कं बिल देत असेल, तर आम्ही गावातला घेऊ. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवा, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. दुरुस्ती केंद्र कुठे आहे हे आधी विचारा. १८ टक्के जीएसटी धरून भाव सांगितलाय का, तेही. विंडोजचा परवाना आणि सॉफ्टवेअरचे पैसे त्यातच धरा.

जुळवणी स्वतः करा, एक दुपार लागते. प्रोसेसर बसवताना जोर लावायचा नाही. सॉकेटमधल्या सुया केसासारख्या असतात, वाकल्या की बोर्ड गेला. कूलरच्या बुडाचं प्लॅस्टिक काढायला विसरू नका. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि त्यात डिस्का जळतात.

सुरू झालं की तीन गोष्टी लगेच तपासायच्या, कारण या तिन्हींत पैसे पूर्ण मोजून यंत्र अर्ध्या वेगाने चालत राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. मॉनिटरची वायर बोर्डाच्या भोकात आहे की ग्राफिक्स कार्डाच्या? कार्डाच्या हवी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडदा ६० वर आहे की १४४ वर? तो आपोआप वर जाईलच असं नाही. आणि बायोसमध्ये रॅमचं एक्स्पो किंवा एक्सएमपी सुरू केलंय का? नाहीतर महागाची रॅम साध्या रॅमच्या वेगाने धावते. मग एक रात्रभर मेमरीची चाचणी लावा, दुसऱ्या दिवशी तासभर मोठा रेंडर, त्याच वेळी तापमान बघत. दुकानदार किती दिवसांत भाग बदलून देतो हे आधी विचारून ठेवलेलं असेलच. त्या मुदतीच्या आत हे सगळं उरका, आणि पहिलं गिऱ्हाइकाचं लग्न त्यानंतरच या यंत्रावर चढवा.